निशाणाची सोनेरी कड

१

सृष्टीच्या निशाणाला सोन्याची कड लागली आणि भर दुपारी पोरगी अख्ख्या कोरेगावात खोटारडी ठरली.

हरणाबाईला हे माळावर कळलं. शुक्रवारचे बारा वाजले होते. बाभळीखाली बसून ती मेंढरांवर नजर ठेवत होती आणि मांडीवर फोन होता. तेवढ्यात खालच्या पाणंदीनं नात पळत येताना दिसली. कॉलेजची सॅक एका खांद्यावर लोंबत होती, ओढणी मातीत लोळत होती.

"आज्जी, फोन दे!"

"आगं, दम तरी खा. कुत्रं लागलं का मागं?"

सृष्टीनं फोन हिसकावला, दोनदा बोट फिरवलं आणि मटकन खाली बसली. पडद्यावर तिचा किल्ला नेहमीसारखा उभा होता. बुरुजावर तिचं निशाण होतं, काळ्या कापडावर पांढरं मेंढरू. पण आज त्या निशाणाला चौफेर सोन्याची कड होती, उन्हात चमकणाऱ्या पितळेसारखी.

"संपलं सगळं," ती म्हणाली. "उद्याच्या फायनलमधनं काढलं मला. पंचानं ग्रुपवर टाकलंय. पोरी माझ्या तोंडावर हसल्या, आज्जी."

‘किल्लेदार’ हा खेळ फोनवर फुकट मिळायचा. ज्याचा त्याचा एक किल्ला, ज्याचं त्याचं एक निशाण. आपला किल्ला बांधायचा, दुसऱ्याचा घ्यायचा. फुकट खेळणाऱ्याला दर चार तासांनी एक पेटी मिळे. ती उघडली की पुढचे चार तास तिथून मोजायचे. उशीर केला तर तेवढा वेळ वाया. दिवसा सृष्टी कॉलेजात असे, म्हणून तिचा फोन हरणाबाईकडं राही आणि पेट्या तीच उघडे. पैसेवाल्यांना थांबायची गरज नव्हती. ते कार्ड विकत घेत आणि हव्या तेवढ्या पेट्या फोडत. पण विकतची एक जरी वस्तू किल्ल्यात आली तरी निशाणाला सोन्याची कड लागायची आणि ती पुन्हा कधीच निघायची नाही. पैसेवाले ती कड मिरवायचे आणि बाकीच्यांना ‘फुकटे’ म्हणून चिडवायचे.

म्हणून तर मोबाईलवाल्या मानसिंगनं ‘फुकट्यांची दंगल’ भरवली होती. सातारा-सांगलीतली एकशे ऐंशी पोरं, प्रत्येकी दोनशे रुपये प्रवेशफी, आणि नियम एकच: ज्याच्या निशाणाला कड नाही त्यानंच यायचं. बक्षिसाला लॅपटॉप होता. साताऱ्याच्या कॉम्प्युटरच्या कोर्सला सृष्टीचा नंबर लागला होता, आणि लॅपटॉपशिवाय तिथं जाणं म्हणजे काठीशिवाय मेंढरं राखायला जाणं.

पण आत्ता पोरगी लॅपटॉपचं नाव काढत नव्हती.

"मी बुधवारी सेमीफायनल जिंकल्यावर माइकवर सगळ्यांसमोर बोलले हुते, आज्जी. एक पैसा घातला न्हाई, आमच्याकडं वेळ हाय, अकराची पेटी माझी आज्जी माळावर उघडती म्हणून. फुकटी म्हणू देत मला. मला लबाड कसं म्हणत्यात?"

हरणाबाईनं पदरानं नातीचं तोंड पुसलं. "खरा लबाड कोण ते शोधून काढू आपण. आधी मला सांग, आज फोन कुणाकुणाच्या हातात हुता?"

सृष्टीनं मान वर केली. "आज? सकाळपासनं फक्त तुझ्याच."

२

मानसिंगचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशीच होतं. सृष्टी बाहेर पायरीशीच थांबली. दारावर किल्लेदारच्या कार्डांची माळ लटकत होती, शंभराची, पाचशेची, हजाराची. गल्ल्यावर मानसिंग बसला होता. गोरापान, गोडबोल्या. त्याच्या छातीच्या खिशातून लाल कव्हराचा फोन डोकावत होता. तो पंचाचा फोन. नाव नोंदवताना प्रत्येक पोरानं त्या फोनवरच्या ‘पंच’ नावाच्या किल्ल्याला आपल्या मैत्रीयादीत घ्यायचं, असा नियम होता. म्हणजे कुस्ती पंचाला दिसते.

"या मावशी," तो उठून म्हणाला. "मला लय वाईट वाटलं बघा. सोन्यासारखी पोर."

"सोनंच नडलं म्हणायचं," हरणाबाई म्हणाली. "मानसिंगराव, पोरीनं काय बी विकत घेतलेलं न्हाई."

"सगळेच असं म्हणत्यात. पण कड खोटं बोलत न्हाई. नियमापुढं मी बी कोण? तिच्या जागी तिसऱ्या नंबरचा खेळंल. म्हणजे आमचाच नियाज."

आतल्या बाकावर नियाज एका फोनचं पोट उघडून बसला होता. विशी-बाविशीचा पोरगा, दुकानातला दुरुस्तीचा सगळा कारभार त्याच्याकडं. उपान्त्य फेरीत त्याला सृष्टीनंच पाडलं होतं. त्यानं मान वर केली नाही.

"मला उद्या दुपारपातुर वेळ द्या," हरणाबाई म्हणाली. "कुणी घातलं ते शोधून काढते."

मानसिंग हसला. "पोलीस झाला का मावशी तुमी?"

"चाळीस वरसं मेंढरं राखली. हरवलेलं मेंढरू शोधाया पोलीस कवाच आला न्हाई."

"द्या की, वेळ द्या. फायनल चारला. तवर शोधा. न्हाईतर पडद्यावर मला सगळ्यांसमोर कड दाखवावी लागंल. लोकांनी फी भरल्या, त्यांना उत्तर द्यावं लागतं." त्यानं खिशातल्या लाल फोनवर हात ठेवला. "आणि शंका नको म्हणून सांगतो, पंचाचा फोन मी कुणाच्या हाती देत न्हाई. झोपताना बी उशाला. नियाजला सुद्धा शिवू देत न्हाई. दंगल म्हणजे दंगल."

"बरं करता," हरणाबाई म्हणाली. निघताना तिनं नियाजकडं बघितलं. "पोरा, पाच मिनटं बाहेर ये."

नियाजचा स्क्रू-ड्रायव्हर हातातून निसटून फरशीवर पडला.

३

दुकानामागच्या लिंबाखाली तिघं उभी राहिली. सृष्टीनं तोंड फिरवलं होतं.

"गुरुवारी माझा फोन तुझ्याकडं दुरुस्तीला हुता," ती म्हणाली. "दोन तास. आन् मी गेले की फायनलला तू. सरळ हाय की."

"सरळ हाय व्हय?" नियाज उसळला. "मला खेळायचंच असतं तर तुला हरवून खेळलो असतो. हरलो ते हरलो. तू माझ्या तटावर सत्तर लाकडी शिड्या लावल्यास, अजून सपान पडतं मला. आन् आता गावात काहीजण म्हणत्यात, खानाच्या पोरानं डाव साधला. अम्मी दुपारचं जेवली न्हाई."

"भांडू नका," हरणाबाई म्हणाली. "नियाज, फोन तुझ्या हातात उघडा हुता का कुलपातला?"

"उघडा. चार्जिंगचं भोक बदललं की तपासाया उघडा लागतोच. आज्जी, तुमीच तर कुलपाचा नमुना काढून दिलात."

खरं होतं. आणि फोन परत घेताना हरणाबाईनं त्याची बिनपाण्याची केली होती. दोन तास फोन दुकानात राहिला म्हणून अकराची पेटी एक वाजता उघडावी लागली, आणि तिथून पुढं पेट्यांची वेळच बदलली. आता त्या नऊला, एकला, पाचला येत होत्या. नियाज बिचारा तीनदा चुकलं म्हणाला होता.

"मला एक सांग," ती म्हणाली. "कार्ड न घेता बी कड लागती का?"

नियाजनं कपाळावर हात मारून घेतला. "लागती की! भेट! दुसऱ्यानं पैसे घालून तुमाला वस्तू भेट धाडली आन् तुमी घेतली, तरी कड तुमालाच. सृष्टी, खेळातलं दप्तर उघड, आल्या-गेल्याची नोंद असती तिथं. डाव्या कोपऱ्यात."

सृष्टीनं दप्तर उघडलं. हरणाबाईनं फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. अक्षरं ती दोन वर्षांपूर्वी शिकली होती, साठी उलटल्यावर, नातीजवळ, याच फोनवर. ‘उघडा’, ‘बंद करा’, ‘पुढे’ हेच तिचं पहिलं पुस्तक. अजूनही ती बोट ठेवून वाचायची.

"नव-रात्र... भेट. पाठवणार... एक हितचिंतक. शुक्रवार, दहा अठ्ठावन्न. स्वीकारली... अकरा सहा."

"अकरा सहा?" सृष्टी ओरडली. "तवा तर मी प्रॅक्टिकलला हुते! स्वीकारली कुणी?"

दप्तरात त्या ओळीखाली भेटीचं चित्र होतं. हिरवा खण, नारळ, मूठभर गहू, आणि ते पुढं करणारे बांगड्या भरलेले दोन हात.

हरणाबाई लिंबाच्या मुळावर टेकली.

"मी," ती म्हणाली. "मीच स्वीकारली, पोरी."

४

नवरा, नानासो, जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून हरणाबाईची ओटी कुणी भरली नव्हती. नवरात्रात बायका देवीच्या देवळात जमत, एकमेकींच्या ओट्या भरत, आणि ती दाराबाहेर चपला राखत बसे. तिनं त्याबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. रीत होती, रीतीशी कोण भांडणार?

आणि आज सकाळी माळावर फोनमधून खेळाची तुतारी वाजली होती. पेटीला अजून दोन तास होते. बघते तर काय, चित्रातली एक बाई खण-नारळ पुढं करून उभी. खाली एक शब्द. तिनं बोट ठेवून वाचला, ‘स्वीकारा’. पेटीतून काय काय निघायचं. बहुतेक वेळा लाकडी शिडी, कधी बाण, कधी दगड. सणासुदीला कधी पणती किंवा आकाशकंदीलही. हेही तसलंच असेल असं तिला वाटलं. पण खरं सांगायचं तर तिनं एवढाही विचार केला नव्हता. आजूबाजूला मेंढरांशिवाय कुणी नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, त्याचा सोगा पुढं धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तो शब्द दाबला.

हे तिनं दोघांना जसंच्या तसं सांगितलं. सृष्टीनं आज्जीचा हात धरून ठेवला.

"आता रडायचं न्हाई," हरणाबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कुणीतरी मला जोखून ही ओटी धाडली. त्याला म्हाईत हुतं, पोर ही घेणार न्हाई, म्हातारी घेईल. नियाज, भेट कोण बी धाडू शकतं का?"

"न्हाई. निदान महिनाभर मैत्रीयादीत असावं लागतं. न घेतली तर तासाभरात ती निघून जाती."

"सृष्टे, तुझ्या यादीत कोण कोण?"

"तिघंच. मी जास्त ठेवत न्हाई. नियाज, माझ्या वर्गातली मंगल, आन् पंच."

"आन् तो सांगलीचा जयराज?"

"त्याला तर मी तीनदा नाकारलं."

तरी हरणाबाईनं जयराजला भेटायचं ठरवलं. फायनलचा दुसरा खेळाडू तोच. हळदीच्या व्यापाऱ्याचा एकुलता एक पोरगा, शनिवारी सकाळीच गाडी घेऊन आला होता. चहाच्या टपरीवर तो गॉगल डोक्यावर चढवून बसला होता.

"आज्जी, माझा दुसरा किल्ला आहे, त्याच्यावर मी पप्पांचे लाखभर रुपये घातलेत," तो सरळ म्हणाला. "त्याला सोन्याची कड आहे आणि मी ती लपवत नाही. पण या दंगलीला नवा किल्ला काढला, एक रुपया न घालता. का माहितेय? लोक म्हणतात, जयराज खेळत नाही, त्याचा बाप खेळतो. मला हिला हरवायचं होतं. हिलाच. आता नियाजला हरवून काय तोंड दाखवू?"

"मग धाडली न्हाईस तू ओटी?"

"कसली ओटी? ती मला यादीतच घेत नाही!" तो सृष्टीकडं बघून म्हणाला. "एवढी काय घमेंड गं?"

"घमेंड न्हाई," सृष्टी म्हणाली. "तुझं निशाण लय भिकार हाय. घोड्याला पंख कोण लावतं?"

जयराज हसला आणि हरणाबाईलाही हसू आलं. चोरी केलेला पोरगा चिडवल्यावर असा मोकळा हसत नाही. पण हसण्यावर तिला निकाल द्यायचा नव्हता.

ती टपरीमागच्या दगडावर जाऊन एकटी बसली. समोर काठीनं मातीत तीन रेघा ओढल्या. मेंढरं मोजताना ती अशाच ओढायची.

पहिली रेघ मंगलची. ती शुक्रवारी दहापासून साडेअकरापर्यंत सृष्टीच्या शेजारीच प्रॅक्टिकलला होती, आणि पोरींचे फोन बाहेर पेटीत जमा होते. तिनं ती रेघ पुसली.

दुसरी रेघ नियाजची. ती पुसायला तिला वेळ लागला नाही.

तिसरी रेघ तिनं पुसली नाही. मग उठली. "सृष्टे, दप्तरात त्या भेटीच्या खाली अजून काय तरी बारीक लिहिलंय. काल माझ्या डोळ्याला दिसलं न्हाई. उघड."

सृष्टीनं उघडलं. हरणाबाईनं बोट ठेवून वाचलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं.

"दाबू नगंस," ती म्हणाली. "चारपातुर हात लावायचा न्हाई."

"पर आज्जी, त्यानं कड जात न्हाई!"

"जाऊ दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. नानासोनं एकदा पाटणच्या बाजूला एक कोकरू सोडलं हुतं. तसं सोडायचंय मला."

५

चार वाजता मंगल कार्यालयाचा हॉल पोरांनी गच्च भरला. स्टेजवर पांढरा पडदा होता, बाजूला दोन भोंगे. मधल्या टेबलावर लॅपटॉपचं खोकं हार घालून ठेवलं होतं. मानसिंगनं खिशातून लाल फोन काढला आणि वायर जोडली. पडद्यावर पंचाचा किल्ला भिंतीएवढा उभा राहिला.

"मंडळी," तो माइकवर म्हणाला, "आज आपल्याला एका दुःखद गोष्टीनं सुरुवात करायची हाय. बुधवारी इथंच एका मुलीनं सांगितलं, कुणी कार्ड घेऊ नका, आज्जीला कामाला लावा. टाळ्या बी घेतल्या. आता बघा." त्यानं बोट फिरवलं. काळ्या कापडावरचं पांढरं मेंढरू पडद्यावर आलं, सोन्याच्या कडेसकट. हॉलमध्ये हुर्यो उठली.

हरणाबाई उठली. काठी टेकत ती स्टेजच्या पायरीवर चढली. मागून सृष्टी.

"मावशी, शोधलं का चोराला?" मानसिंगनं माइक तिच्यापुढं धरला. लोक हसले.

"शोधलं. तुमी माइक धरा, मी सांगते." तिनं गर्दीकडं बघितलं. "पोरांनो, सृष्टीनं कार्ड घेतलं न्हाई. कुणीतरी तिला भेट धाडली आन् ती मी घेतली. ह्या बोटानं. चौदा वरसांनी ओटी आली हुती माझ्या पदरात, मी घेतली. चूक माझी."

तिनं ते बोट वर करून दाखवलं.

"आता धाडली कुणी? तुमी म्हणता, नियाजनं. त्याला फायनल मिळती. पर गुरुवारी दोन तास हा फोन उघडा त्याच्या हातात हुता. त्याला घात करायचा असता तर तिथंच स्वतःच धाडून स्वतःच दाबलं असतं. त्याला माझ्या बोटाची गरजच काय? ज्यानं हे केलं त्याला माझं बोट लागलं, म्हणजे त्याच्या हातात हा फोन कवाच आला न्हाई."

नियाज दारापाशी उभा होता. त्याची आई जरिना त्याच्या शेजारी. हरणाबाईनं तिच्याकडं बघून मान हलवली.

"आन् दुसरं. भेट आली दहा अठ्ठावन्नला. अकराच्या पेटीची वेळ धरून. पण गुरुवारपासनं माझी पेटी अकराला येत न्हाई, एकला येती. हे कुणाला म्हाईत? नियाजला. त्याच्यावर मी त्यापायी तासभर वरडले. अकरा वाजता म्हातारी फोन घेऊन बसती, हे म्हाईत असणारा माणूस बुधवारी ह्या हॉलमध्ये पोरीचं भाषण ऐकून गेला. त्यापुढचं त्याला म्हाईत न्हाई."

"हॉलमध्ये तर चारशे लोक हुते!" मानसिंग म्हणाला.

"व्हय की. पण भेट धाडाया महिनाभर पोरीच्या यादीत असावं लागतं. यादीत माणसं तीन. मंगल तिच्या शेजारी प्रॅक्टिकलला. नियाजचं सांगितलं. तिसरा ऱ्हायला पंच."

मानसिंगचा माइकचा हात खाली आला. त्यानं तो पुन्हा वर नेला. "मावशी, तोंड सांभाळा. पंचाचा किल्ला कोण बी उघडू शकतं."

"न्हाई वं. तुमीच म्हणालात. झोपताना उशाला. नियाजला बी शिवू देत न्हाई."

पहिल्या रांगेत कुणीतरी शीळ घातली.

"आन् अजून एक. मी अकरा सहाला बोट दाबलं आन् सव्वा अकराला पंचानं ग्रुपवर टाकलं. नऊ मिनटांत. एकशे ऐंशी किल्ल्यांतनं ह्योच किल्ला नऊ मिनटांत दिसला म्हणजे वाट बघत बसला असणार की गडी."

"पण मी का करंन?" मानसिंगचा आवाज चढला. "माझ्याच दंगलीचा मी सत्यानाश करंन? कोण जिंकतंय त्यानं मला काय फरक पडतो?"

"कोण जिंकतंय त्यानं न्हाई पडत," दारातून नियाज म्हणाला. तो दोन पावलं पुढं आला. "सृष्टी बोलली त्यानं पडतो. गुरुवारी सकाळी बारा पोरं कार्डं परत द्यायला आली, शेठ. तुमी घेतली न्हाईत. नवरात्रासाठी तुमी चार खोकी भरून ठेवलीत. गल्ल्यावर कुणी येईना. तुमाला ही हरायला नको हुती. ही खोटी ठराया हवी हुती."

"नोकरी गेली तुझी!"

"काल अम्मीला सांगूनच आलोय, जाईल म्हणून."

मानसिंगनं रुमाल काढला, घाम पुसला आणि हसला. ते हसू बघून हरणाबाईला कळलं की मासा अजून जाळ्यात नाही. "शब्दांचे बुडबुडे," तो म्हणाला. "पाठवणाऱ्याचं नाव लिहिलंय का? न्हाई. हितचिंतक! पुरावा दाखवा, मावशी."

"दाखवते," हरणाबाई म्हणाली.

६

"आमचे मालक नानासो," ती सांगू लागली. "आमी आटपाडीकडनं मेंढरं घेऊन पाटणला गेलो हुतो. एका बागायतदारानं आपलं कोकरू गुपचूप आमच्या कळपात सोडलं आन् वर बोंब मारली, धनगरानं चोरलं. गाव गोळा झालं. नानासो भांडला न्हाई. कोकरू कडेवर घेतलं, वेशीत आणलं आन् खाली ठेवलं. म्हणाला, जा बाबा. कोकरू उड्या मारत थेट त्या बागायतदाराच्या गोठ्यात, आईच्या कासंला. त्याच्या गोठ्याच्या भिंतीत पहाटे पाडलेलं भगदाड सगळ्या गावानं बघितलं. त्यातनंच त्यानं ते काढलं हुतं."

तिनं सृष्टीकडून फोन घेतला. दप्तर उघडलं. भेटीच्या चित्राखाली बारीक अक्षरं होती. तिनं माइकजवळ तोंड नेलं आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर, घाई न करता.

"न वापर-लेली भेट... दोन दिवसांत... परत पाठवा."

मानसिंगचा हात लाल फोनच्या वायरकडं गेला. पण जयराज एव्हाना स्टेजवर चढून टेबलापाशी उभा होता. त्यानं वायरवर तळवा ठेवला. "राहू द्या की काका. बघू दे सगळ्यांना."

"ओटी परत करू नये म्हणत्यात," हरणाबाई म्हणाली. "मी करते. असली ओटी माझ्या पदरात नगं. जा, बाबा."

तिनं दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग दोन्ही भोंग्यांतून तुतारी वाजली, एवढ्या जोरात की मागच्या रांगेतल्या पोरांनी कानावर हात ठेवले. पांढऱ्या पडद्यावर हिरवा खण, नारळ आणि बांगड्यांचे दोन हात अवतरले आणि खाली भिंतीएवढी अक्षरं: ‘पंच, तुमची भेट सृष्टी यांच्याकडून परत आली आहे.’

जो गलका उठला त्यानं मंगल कार्यालयाचे पत्रे हादरले. पोरं बाकांवर चढली. कुणी ओरडलं, "कोकरू घरी गेलं रं!" आणि ते चारशे तोंडांतून घुमलं.

मानसिंग पंचाचा फोन तिथंच सोडून मागच्या दारानं निघाला. हरणाबाईनं त्याला हाक मारली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तो थांबला.

"मानसिंगराव, एक ऐकून जा. पैसेवाल्यानं खर्च करावा, आमचं काय बी म्हणणं न्हाई. ह्या जयराजचं बी न्हाई. पर पोरगी म्हणाली, आमच्याकडं वेळ हाय, तेवढ्यानं तुमाला भ्या वाटलं. आमचा वेळ फुकटचा न्हवता वं. माळावर ऊन खाऊन मिळवलेला हुता."

तो गेला. टेबलावरचं खोकं तिथंच राहिलं. कुणीतरी विचारलं, आता बक्षीस कुणाचं? "त्याचं कवाच नव्हतं," मंगल मागून ओरडली. "आपल्या सगळ्यांच्या दोनशे-दोनशेचं हाय ते. खेळा!"

नियाजनं पंचाच्या खुर्चीला पाय लावून ती बाजूला सारली आणि लाल फोन हातात घेतला. "मी खेळत न्हाई. मी बघतो," तो म्हणाला. "कुणाची तक्रार?" कुणाचीच नव्हती.

"पण कड?" एकानं विचारलं. "नियमानं कड चालत न्हाई."

जयराजनं सृष्टीकडं बघितलं. "नको असेल तर माझ्या लेखी ती नाहीच. झाकून खेळ. निशाण बदल."

"न्हाई," सृष्टी म्हणाली. तिनं बाही वर केली. "ऱ्हाऊ दे. सगळ्यांना दिसू दे. ही माझ्या लबाडीची कड न्हाई. त्याच्या भ्याची हाय."

कुस्ती तीन क्विंटल हळदीसारखी जड झाली, असं जयराज नंतर म्हणाला. त्यानं तिचे तीन बुरुज पाडले. चौथ्यावर तिचं पांढरं मेंढरू डगमगू लागलं तेव्हा हरणाबाईनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा जयराजच्या तटाला मुंग्यांसारख्या शिड्या लागत होत्या. लाकडी शिड्या. माळावरच्या, बाभळीखालच्या, दर चार तासांच्या. एक जळे, दुसरी लागे. जयराज हसत कपाळ बडवत होता. "संपतात कधी गं तुझ्या?"

"आज्जीला विचार," सृष्टी म्हणाली आणि शेवटची लावली.

पंखांचा घोडा खाली आला. सोन्याच्या कडेचं मेंढरू वर चढलं.

त्या गोंधळात, पोरं सृष्टीला खांद्यावर उचलत असताना, तिच्या हातातला फोन बारीक वाजला. तिनं घड्याळ बघितलं. पाच. खांद्यावरूनच वाकून तिनं फोन खाली आज्जीच्या हातात दिला.

"आज्जी, तुझं काम."

हरणाबाईनं पदर सारखा केला, बोट ठेवलं आणि पेटी उघडली.

"काय निघालं?" जयराजनं विचारलं.

"लाकडी शिडी," ती म्हणाली. "ठेवून देते. लागंल."